सर्व्हे नंबर नसलेली सूचना

गावात रस्ता कुठे, उद्यान कुठे, घरं कुठे हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याच्या सुनावणीला मामाबरोबर गेले होते. त्याचे गुडघे दुखतात आणि नियोजन समिती बसली होती नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर, म्हणून सोबत. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. माणसं भिंतीला टेकून उभी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत सातबारे, फेरफार, मोजणीची क-प्रत, भाग नकाशा. ताज्या झेरॉक्सचा वास आणि ओल्या छत्र्यांचा वास एकमेकांत मिसळलेला. एकाच सातबाऱ्यावर नावं असलेले तीन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे होते. दाराशी टेबल टाकून बसलेला क्लार्क यादीत नाव शोधायचा, खूण करायचा आणि माणूस आत पाठवायचा. मामाच्या पुढे एक बाई होती. साडीवर पुरुषी शर्ट, केसांना सिमेंटची धूळ, कामावरून मधूनच आलेली. तिच्या हातात वहीतला फाडलेला कागद होता, त्यावर शाळकरी अक्षर आणि खाली नगरपरिषदेचा पोच शिक्का.

क्लार्कला यादीत तिचं नाव सापडलं, पण नावासमोरचा रकाना कोरा होता. "सर्व्हे नंबर सांगा," तो म्हणाला. बाईला कळेना. त्याने पुन्हा विचारलं, "कुठल्या जमिनीबद्दल हरकत आहे तुमची?" "हरकत न्हाई सायेब. टाकीच्या मागं रान हाय, तितं पोरं खेळत्यात. ते तसंच ऱ्हाऊ द्या, एवढंच लिवलंय पोरीनं." क्लार्क उद्धट नव्हता. त्याने नकाशाकडे बोट केलं आणि म्हणाला, "ताई, नंबर नसला तर यात शोधायचं कसं?" बाई त्या नकाशाकडे बघत राहिली. तेवढ्यात माझ्या शेजारून मामाचा आवाज आला. त्याने सर्व्हे नंबर सांगितला, हिस्सा नंबरही सांगितला, आणि म्हणाला, "लिहून घ्या. माझंच आहे ते."

मग आपली पाळी आल्यावर आत गेला आणि त्याच जमिनीवरचं उद्यानाचं आरक्षण उठवा म्हणून जीव तोडून भांडला.

परतताना गाडीत दोघंही गप्प होतो. त्याने नंबर का सांगितला हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण तेव्हापासून हा प्रसंग मनातून जात नाही. कारण त्या मजल्यावर मला दोन माणसं दिसली, दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि त्यांतल्या एकाचंच म्हणणं मांडायला कागदावर जागा होती.

टाकीच्या मागचं ते रान मला पाठ आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं दिवसभर तिथेच असायचो. कडेला बोरीची झुडपं, फ्रॉकला चिकटणारी कुसळं, मधोमध पावसात तळं साचायचं तो खोलगट भाग. तेव्हा आम्हाला ते रिकामं का आहे हा प्रश्न पडला नव्हता. आजोबा तिथे ज्वारी करायचे, मग चारी बाजूंनी घरं झाली, बैल न्यायला वाट राहिली नाही आणि शेती बंद पडली. मामा घर बांधायच्या परवानगीसाठी गेला तेव्हा त्याला झोन दाखला आणायला सांगितलं आणि त्या दाखल्यावर पहिल्यांदा घरात ती बातमी आली: जमीन उद्यानासाठी आरक्षित. आराखडा कधीच मंजूर झाला होता. राजपत्रात छापून आला होता, वर्तमानपत्रात बारीक टाइपात सूचनाही आली असणार. आमच्या घरात राजपत्र येत नव्हतं.

आरक्षण पडलं म्हणजे काय होतं, हे ज्याच्या जमिनीवर पडतं त्यालाच कळतं. जमीन नावावर असते, शेतसारा तुम्हीच भरता, पण बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही आणि घेणारा आला तर पडत्या भावाने मागतो. रस्त्यापलीकडची जमीन यलो झोनमध्ये, म्हणजे रहिवासी पट्ट्यात असते, तिथे चार मजले चढतात. मधे फक्त एका रस्त्याची रुंदी. मामाच्या दोन्ही मुलींची शिक्षणं आणि लग्नं त्या जमिनीच्या किमतीविना झाली. मामी आजही त्या रानाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात यावर उपाय आहे. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. जमीन मोकळी होते, शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिच्यावरही चालतं. वकिलाने मामाच्या नोटिशीचा मसुदा करून ठेवला होता. मामाने ती दिली नाही. सुधारित आराखडा येतोय, त्यात आपसूक उठेल, असं त्याला वाटत होतं. त्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि आरक्षण जसंच्या तसं होतं.

हा उपाय जमीनमालकाला न्याय देतो आणि गावाचं मैदान घेऊन जातो. दोन्ही एकाच कलमात घडतं. नगरपरिषदेकडे पैसे नाहीत, हे त्याचं साधं कारण. २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यानंतर शहरी जमिनीला बाजारभाव आणि त्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून द्यावं लागतं. मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, देता येतो, समावेशक आरक्षणाखाली मालकाला काही भाग विकसित करू देऊन उरलेला भाग ताब्यात घेता येतो. मुंबईत, पुण्यात टीडीआरला गिऱ्हाईक आहे. आमच्यासारख्या गावात एक मजला वाढवायला टीडीआर विकत घेणारा बिल्डर सापडायला हवा, तो सापडत नाही. मग आराखड्यावर हिरवा ठिपका राहतो, जमिनीवर कुसळं राहतात, आणि एक दिवस मालक नोटीस देतो. ज्या मैदानांवर एक अख्खी पिढी खेळली त्यांपैकी कितीतरी अशी गेली, कुठल्याही घोटाळ्याशिवाय, नियमाप्रमाणे.

कायद्यात अपेक्षा अशी आहे की आराखड्याची २० वर्षांतून एकदा तरी सुधारणा व्हावी. प्रत्यक्षात काय होतं ते पुण्याकडे पाहिलं की कळतं: पहिला आराखडा १९६६ चा, दुसरा १९८७ चा, आणि जुन्या हद्दीचा तिसरा मंजूर झाला २०१७ मध्ये. १९८७ साली पहिलीत असलेल्या मुलासाठी नकाशावर मैदान दाखवलं असेल, तर पुढचा नकाशा येईपर्यंत ते मूल पस्तिशी ओलांडून स्वतःच्या मुलाला कुठे खेळायला न्यावं या विवंचनेत होतं. त्याच १९८७ च्या आराखड्यात शहराभोवती फिरणारा एक मोठा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. तो अजून नकाशातच आहे. आणि या सगळ्या काळात शहर काही थांबलं नाही. २००१ मध्ये महापालिका हद्दीत २५ लाख लोक होते, २०११ मध्ये ३१ लाख. आराखडा उशिरा आला की लोक वाट बघत नाहीत, गुंठ्यागुंठ्याने जमीन घेतात, साध्या कागदावर व्यवहार करतात, पत्र्याचं का होईना घर उभं करतात. शासनाला २००१ मध्ये गुंठेवारी विकासाचा कायदा करून ते नियमित करायला लागलं, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना त्यात घ्यावं लागलं. ती घरं बांधणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. पण त्या वस्त्यांमधून चालताना जाणवतं की इथे प्रत्येकाने आपापलं घर आखलं आणि घरांच्या मधलं काही कुणीच आखलं नाही. रिक्षा वळत नाही, अग्निशमनची गाडी येऊ शकत नाही, शाळा दोन किलोमीटर लांब.

आराखडा तयार करण्याची पहिली पायरी म्हणजे विद्यमान भूवापर नकाशा. आज काय कुठे आहे याची नोंद. हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं, नंतरच्या सगळ्या रंगरंगोटीपेक्षा जास्त. हल्ली उपग्रहाची चित्रं, ड्रोन, टॅब घेऊन फिरणारी मुलं असतात. वरून छप्पर दिसतं. छपराखाली किती चुली आहेत, भाडेकरू किती, त्यांची मुलं दुपारी कुठे असतात, हे वरून दिसत नाही. टाकीच्या मागच्या रानाची नोंद आमच्या नकाशात 'मोकळी जागा' अशी होती. संध्याकाळी पाचनंतर ती कधीही मोकळी नसते. मुंबईत २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या मसुद्यात तर मुळातल्या नोंदीच इतक्या चुकल्या होत्या की अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते गेलेले लोकांना दिसले, वारसा वास्तू गायब होत्या. दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला आणि नव्याने केलेला आराखडा २०१८ मध्ये अमलात आला. तिथे नकाशा वाचता येणारे वास्तुरचनाकार होते, नागरिकांच्या संस्था होत्या, प्रभागाप्रभागात बैठका झाल्या. पुण्यातही २०१३ च्या मसुद्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या. नगरपरिषदेच्या गावात अशी फौज नसते. तिथे नकाशा वाचता येतो तो सर्वेअरला, वकिलाला आणि एजंटला.

कायदा मात्र कुणालाही अडवत नाही. मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणीही व्यक्ती लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. जमीन असलीच पाहिजे, घरपट्टीची पावती असली पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. सर्व्हे नंबरचा रकाना कार्यालयाच्या सोयीसाठी आहे. पण त्या सोयीने व्हरांड्यात कोण उभं राहणार ते ठरवून टाकलं. ज्याची जमीन जाते त्याला आपलं नुकसान गुंठ्यात आणि रुपयांत सांगता येतं. ज्यांना मैदान मिळणार त्यांचा फायदा हजार घरांत थोडा थोडा वाटलेला, तो सांगायला कोण सुट्टी टाकून येणार? आरक्षण ठेवलं तर एक माणूस दार ठोठावतो. आरक्षण उठवलं तर कुणीच येत नाही. समितीतली माणसं वाईट असायची गरज नाही, समोर रोज जे बसतं त्यानेच निर्णय झुकतात.

न येणाऱ्यांची यादी करायला घेतली तर लांबत जाते. भाडेकरू येत नाहीत, कारण पुढच्या वर्षी याच गावात असू याची खात्री नसते. मुलं येत नाहीत. अजून या गावात न आलेली माणसं तर येऊच शकत नाहीत, आणि खरं पाहता आराखडा त्यांच्यासाठीच तर करायचा असतो. नगररचनाकार आधीच्या जनगणनांवरून वाढीचा अंदाज बांधतात, २० वर्षांनी इतके लोक असतील म्हणून. म्हणजे ती बाई, तिच्या गावाकडून पुढे येणारा तिचा दीर, त्याची न जन्मलेली पोरं, ही सगळी आराखड्याच्या अहवालात आहेत, लोकसंख्येच्या तक्त्यात. आणि तो तक्ताही आता २०११ च्या जनगणनेवर उभा आहे, कारण २०२१ ची वेळेवर झाली नाही. त्या आकड्याला माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेने गुणायचं, असं केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. गुणाकारात त्यांची मोजदाद होते. सुनावणीत होत नाही.

नदीही येत नाही सुनावणीला. पाटबंधारे खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं, २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या हिशेबाने. कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी कुठवर चढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण पुराचं पाणी ओसरलं की रेषेच्या आत जमीन असलेला माणूस रेषा सरकवा म्हणून अर्ज घेऊन उभा असतो, आणि त्याचंही पोट त्याच जमिनीवर असतं.

मला या सगळ्यात एक जुना माणूस आठवत राहतो, पॅट्रिक गेडिस. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला त्याचे ते पहिले प्राध्यापक. त्याआधी होळकरांनी त्यांना इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावलं होतं. गावात प्लेग होता. गेडिस नकाशा घेऊन गल्लीबोळांतून पायी फिरायचे, सरसकट पाडापाडी करू नका, एखादं मोडकं घर काढून तिथे चौक मोकळा करा, विहीर साफ करा, असं सांगायचे. लोकांना त्यांच्याबद्दल संशय होता, हा घरं पाडायला आलाय म्हणून. तेव्हा त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या गल्ल्यांमधली घरं सगळ्यात जास्त झाडून-लोटून, डागडुजी करून तयार असतील तिथून जाईल. गावभर साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड मोठा उंदीर होता, झाडूवाले होते, आणि गाव बघायला लोटलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला जे सुचलं ते आपल्याला ३० दिवसांच्या जाहिरातीत का सुचू नये. आराखडा लोकांपर्यंत न्यायचा तर तो त्यांच्या गल्लीत न्यावा लागतो, त्यांच्या खुणांनी सांगावा लागतो. टाकी, वड, मारुती, पिठाची गिरणी, बंद पडलेली शाळा. नकाशावर या खुणा टाकायला खर्च येत नाही.

आणि मालक नसलेल्यांचं ऐकलं जातच नाही असंही नाही. पुण्याच्या हद्दीत १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठेवायचं की थोडं बांधकाम होऊ द्यायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या, एक इंचही जमीन नसलेल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि २०१५ मध्ये शासनाने ते आरक्षण कायम केलं. साडेनऊशे हेक्टरांहून जास्त जमीन. त्या निर्णयाचा मला आनंद झाला होता. पण त्याच निर्णयात मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर ठरला, आणि मामाच्या बाजूला बसून तो आकडा वाचला की आनंद अर्धा होतो. टेकडी सगळ्यांची, पण तिची किंमत थोड्यांनीच भरायची, हे किती काळ चालणार? ज्या शेतकऱ्याला ८ टक्क्यांवर बसवलं तो टेकडीचा राखणदार होत नाही, उलट रात्रीत एखादं पत्र्याचं शेड उभं राहिलं तर तो दुसरीकडे बघतो.

सुधारित आराखडा आता समितीच्या अहवालासह शासनाकडे जाईल. टाकीच्या मागच्या रानाचं काय होणार ते मला माहीत नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना आणि नगररचना खात्याला एक पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात लिहिलंय की पुढच्या वेळी अर्जात सर्व्हे नंबरच्या खाली 'किंवा जवळची खूण' असा रकाना ठेवा. मसुद्याचे नकाशे प्रत्येक प्रभागात शाळेच्या भिंतीवर लावा, कामावरून लोक परतल्यावर, संध्याकाळी, कुणीतरी समजावून सांगणारं तिथे ठेवा. २० वर्षं थांबू नका, दर पाच वर्षांनी कोणतं आरक्षण ताब्यात आलं, कोणतं व्यपगत झालं, कोणत्या आरक्षणाची दहा वर्षं भरत आली आहेत, याची यादी फलकावर लावा. मोठ्या आराखड्याची फेरतयारी होईपर्यंत लोकांना निदान काय चाललंय ते कळेल.

पत्र मामाला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "पैशाचं कुठाय यात?" आराखड्याच्या अहवालात खर्चाचा अंदाज असतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "तो अंदाज दरवर्षीच्या बजेटमध्ये का येत नाही, ते विचार. ज्या वर्षी आरक्षण टाकलं, त्याच वर्षापासून थोडे थोडे बाजूला टाकले असते, तर मी कधीच दिली असती जमीन. वर बोर्डावर आजोबांचं नाव लाव म्हटलं असतं फक्त." मग थोड्या वेळाने, "आणि त्या बाईच्या पोरीने लिहिलेला अर्ज जोड याला. पोच नंबर मी टिपून घेतलाय."